दसऱ्याआधी हँडलची टेप उलगडा

खंडेनवमीला नाशिकमधल्या बऱ्याच घरांत सायकल धुतली जाते. चाकांना चिकटलेला पावसाळ्याचा चिखल निघतो, चेनला तेल मिळतं, आणि दसऱ्याला झेंडूची माळ बांधली जाते ती हँडललाच. वर्षभर आपला भार आणि आपला तोल दोन्ही सांभाळतं तेही हँडलच. तरी सगळ्या सायकलीत सगळ्यात कमी तपासला जाणारा भाग कोणता, तर हाच. टायर गुळगुळीत झाले की डोळ्यांना दिसतं, ब्रेकचं रबर संपलं की किंचाळतं, चेन ताणली की दात सोडू लागते. हँडल मात्र टेपखाली, मुठींखाली, घंटी आणि दिव्याच्या पट्ट्यांखाली झाकलेलं असतं. सायकल घेतली त्या दिवशी ते बसवलं गेलं आणि मग कुणी त्याच्याकडे पाहिलंच नाही, ही गोष्ट मी दहातल्या नऊ सायकलींबाबत तरी अनुभवली आहे. माझी स्वतःची त्यातलीच एक होती.

माझी रोड बाईक तेव्हा सात वर्षांची होती. त्या पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीच्या अलीकडे चढ लागला, मी सीटवरून उठून पेडल मारू लागलो, की हँडलच्या मध्यातून कुर्र असा बारीक आवाज यायचा. बसलो की बंद. हँडल सायकलला जोडणाऱ्या स्टेमचे चारही बोल्ट मी थोडे आवळले. आवाज आठवडाभर गेला आणि परत आला. मी परत आवळले. सप्टेंबर असाच गेला. खंडेनवमीच्या आदल्या रविवारी जुनी टेप फारच मळली म्हणून बदलायला घेतली, तर ब्रेक लिव्हरच्या पट्टीभोवती पांढरी, पिठासारखी भुकटी निघाली. घामातल्या मिठाने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं होतं. मग सगळंच उघडू म्हणून स्टेमचं पुढचं झाकण काढलं. उजव्या बाजूला, स्टेमची कड जिथे नळीवर टेकते तिथे, केसाएवढी करडी रेघ होती. फडक्याने पुसली, गेली नाही. नखाने चाचपली, नख अडकलं. बोटाच्या पेराएवढी लांब रेघ. पुढच्या रविवारी आम्ही सापुताऱ्याला जाणार होतो.

शेजारी एक काका राहतात. ओझरला एचएएलमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. १९६४मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी तो कारखाना उभा राहिला, आणि पुढे सुखोई-३० पर्यंतची विमानं तिथून बाहेर पडली. मी हँडल हातात घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, रेघ उजेडाकडे धरली आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

"अरे, याला किती तास झाले?"

मला कळलंच नाही. मी म्हटलं, "काका, सात वर्षं झाली."

"वर्षं नको सांगू. तास सांग. विमानाच्या भागाला आम्ही वय विचारत नाही, तास विचारतो. इतके तास उडाला की उतरवायचा, दिसायला कितीही नवा असू दे."

हँडल केव्हा बदलायचं या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे. हँडल वयाने म्हातारं होत नाही, भाराने होतं. माळ्यावर दहा वर्षं पडलेलं चांगलं हँडल आजही चांगलं असू शकतं, आणि दोन वर्षांत खड्डे, घाट आणि घाम यांनी पिळून काढलेलं हँडल संपलेलं असू शकतं.

धातूला थकवा येतो. एखादी तार वाकवून सरळ केली, परत वाकवली, परत सरळ केली, की दहा-वीस वेळांनी ती तुटते, हे आपण लहानपणी करून पाहिलेलं असतं. हँडलच्या बाबतीत वाकणं इतकं सूक्ष्म असतं की डोळ्यांना दिसत नाही, पण मोजणी चालूच असते. मिनिटाला ८० फेऱ्यांनी पेडल मारलं तर तासाला ४,८०० फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीत हँडल एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे ओढलं जातं. नाशिकचे सायकलस्वार २०१२पासून पंढरपूरची सायकल वारी करतात. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर धरा, ताशी २० वेग धरा, तर साडेसतरा तास होतात. म्हणजे एका वारीत सुमारे ८४,००० फेऱ्या, आणि त्यात रस्त्याचे धक्के मोजलेलेच नाहीत. सायकलींच्या सुरक्षेचं आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात हँडल आणि स्टेम एकत्र यंत्रावर बसवून दोन टप्प्यांत प्रत्येकी १,००,००० वेळा हलवतात. एकदा दोन्ही टोकं एकमेकांच्या उलट दिशेने, एकदा दोन्ही एकाच दिशेने. त्या चाचणीतला भार बसून रमतगमत चालवताना पडणाऱ्या भारापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून वारी झाली की हँडल टाकून द्या असं कुणी समजू नये. पण उभं राहून घाट चढणारा वजनदार माणूस आणि यंत्र यांच्यातलं अंतर वाटतं तितकं मोठं नसतं.

इथे धातूचा फरक महत्त्वाचा. पोलादाला सहनशक्तीची एक मर्यादा असते. भार त्या मर्यादेखाली राहिला तर तो कितीही वेळा पडला तरी पोलाद व्यवहारात थकत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. लहान भारसुद्धा त्याच्या खात्यात जमा होत जातो. म्हणून चांगली कंपनी अ‍ॅल्युमिनियमची नळी मध्ये जाड ठेवते, म्हणजे खातं भरायला खूप वर्षं लागतात. पण ते भरतं. काकांनी त्या दिवशी मला कॉमेट विमानांची गोष्टही सांगितली. १९५४मध्ये ब्रिटनची दोन कॉमेट प्रवासी विमानं काही महिन्यांच्या अंतराने हवेतच फुटली. शोध लागला तो असा की उड्डाणागणिक केबिन फुगत आणि सैल होत गेली, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला छिद्रांच्या कोपऱ्यांपासून तडे गेले. "कोपरा, कड, छिद्र, ओरखडा," काका बोटं मोजत म्हणाले. "तडा नेहमी इथून निघतो. तुझ्या हँडलवर अशा जागा शोध."

आपलं हँडल कशाचं आहे हे माहीत नसेल तर फ्रिजवरचं लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं तर पोलाद. न चिकटता निसटलं आणि वजनाला हलकं असलं तर बहुधा अ‍ॅल्युमिनियम, आणि नळीवर आडवे-उभे विणीचे धागे दिसत असले तर कार्बन. पूर्वीची दांड्याच्या ब्रेकची काळी सायकल, दूधवाल्याची, पाववाल्याची, सातपूर-अंबडच्या कामगारांची, ती पोलादाच्या हँडलची. ते हँडल पडझडीत वाकतं, आणि वाकून सांगतं की मला बघा. हल्लीच्या बऱ्याच गिअरच्या, हायब्रीड आणि रोड सायकलींना अ‍ॅल्युमिनियम असतं. ते पुष्कळदा काहीच सांगत नाही. आतल्या आत तडा वाढत राहतो, उरलेली नळी भार पेलत राहते, आणि एके दिवशी उरलेली नळी पुरत नाही.

हँडल तुटणं मोठ्या मोठ्यांच्या बाबतीतही घडलं आहे. मार्च २०२१मध्ये बेल्जियममधल्या ल सामिन शर्यतीत मॅथ्यू व्हान डर पूल या नावाजलेल्या सायकलस्वाराचं कार्बनचं हँडल एका बाजूने तुटून लोंबकळू लागलं. त्याने तशीच शर्यत पुरी केली, आणि त्यानंतर त्याची सायकल बनवणाऱ्या कॅन्यन कंपनीने त्या प्रकारचं हँडल असलेल्या सायकली न चालवण्याचं आवाहन ग्राहकांना केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या ट्रॅकवर ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅलेक्स पोर्टरच्या हातातून हँडलच सुटून आलं आणि तो तोंडावर आपटला. दोघांच्याही दिमतीला रोज सायकल खोलून पाहणारे मेकॅनिक होते. ही हँडलं जुनी नव्हती, त्यांची रचना आणि भार यांचा हिशेब चुकला होता. पण हँडल गेलं की काय होतं, हे दोन्हीकडे सगळ्या जगाला दिसलं. ब्रेक गेला तर दुसरा ब्रेक असतो. टायर फुटला तर सायकल सावरता येते. हँडल गेलं की ब्रेकही गेला, वळणही गेलं आणि धरायलाही काही उरलं नाही, आणि हे सगळं एकाच क्षणात.

आता तपासायचं कसं ते सविस्तर सांगतो. तासाभराचं काम आहे, आणि वर्षातून एकदा पुरे. मी दसऱ्याआधीचा रविवार ठरवून टाकला आहे, कारण पावसाळा नुकताच संपलेला असतो आणि सायकल धुवायची असतेच.

आधी हँडल सायकलवरच असताना पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरा. हँडलची दोन्ही टोकं धरून एक वर, एक खाली असं पिळा. मग उलट करा. मग दोन्हीवर एकदम खाली जोर द्या. हँडल स्टेममध्ये सरकत असेल, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त लवत असेल किंवा आवाज येत असेल, तर समजून घ्या की उघडायला हवं. मग चार पावलं मागे जाऊन, एक डोळा मिटून पाहा. दोन्ही मुठी एका रेषेत आहेत का? पडल्यानंतर हँडल किंचित वाकलं असेल तर इथेच कळतं.

मग टेप उलगडा किंवा मुठी काढा. टेप कापायची वेळ आली तर कटर नळीच्या अंगाने कधीच फिरवू नका. कटरची एक आडवी खूण म्हणजे तड्याला आपण स्वतः काढून दिलेली वाट. टेप शेवटच्या टोकापासून सोडत यायचं. मुठी अडकल्या असतील तर त्यांच्याखाली थोडं साबणाचं पाणी सोडलं की फिरतात. आता नळी ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा आणि मोबाइलची बॅटरी लावा. पण प्रकाश समोरून टाकू नका, तिरका टाका, नळीला जवळजवळ टेकवून. सरळ प्रकाशात तडा दिसत नाही, तिरक्या प्रकाशात त्याची सावली पडते.

पाहायच्या जागा मोजक्या आहेत. सगळ्यात महत्त्वाची, स्टेमची दोन्ही बाजूंची कड. त्यासाठी पुढचं झाकण काढावंच लागतं, कारण तडा पुष्कळदा झाकणाच्या आत अर्धा लपलेला असतो. त्यानंतर ब्रेक लिव्हर आणि गिअरच्या पट्ट्यांखालची जागा. पट्टी सैल करून बोटभर सरकवून पाहा. मग नळी जिथे वाकते ते बाक. केबल आतून जाणारं हँडल असेल तर त्या छिद्रांच्या कडा. ज्यांनी लांबच्या प्रवासासाठी कोपर टेकवायच्या दांड्या लावल्या आहेत त्यांनी त्यांच्या पकडीखाली पाहावं, तिथे नळीवर दाबाची खूण हमखास असते.

शंका आली की कापसाचा बोळा नळीवरून हळूच फिरवा. तडा असेल तर कापसाचे तंतू त्यात अडकतात. नखही सांगतं. ओरखड्याला तळ असतो, त्यावर नख घसरतं. तड्याला तळ लागत नाही, नख अडतं. रंग तडकला असेल तर तो फक्त रंग आहे की खाली धातूही, हे त्या जागेचा रंग खरवडल्याशिवाय कळत नाही, आणि खरवडायला अजिबात संकोच करू नका. याहून पुढे जायचं तर औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगची तपासणी करणारे लाल रंग फवारतात, पुसतात आणि त्यावर पांढरी पूड मारतात. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कुणी ओळखीचं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. पण मला विचाराल, तर ज्या रेघेसाठी हे सगळं करावंसं वाटलं त्या हँडलचा निकाल तेवढ्यावरच लागला. हजार-दोन हजारांच्या वस्तूसाठी पुरावा गोळा करत बसू नये.

कुरकुर आवाजाबद्दल एक वेगळी सूचना, कारण माझी चूक तिथेच झाली. आवाज आला म्हणजे तडा आहेच असं नाही. बहुतेक वेळा झाकणात धूळ-पाणी गेलेलं असतं किंवा बोल्टचे आटे कोरडे पडलेले असतात. झाकण काढा, दोन्ही पृष्ठभाग पुसा, बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस लावा, परत बसवा. आवाज गेला तर ठीक. राहिला तर नळी उजेडात पाहा. आवळत मात्र जाऊ नका. जास्त आवळलं की स्टेमची कड नळीत रुतते आणि जिथे भार सगळ्यात जास्त तिथेच खाच पडते. मी महिनाभर तेच करत होतो.

मग निर्णय. काही गोष्टी अशा आहेत की त्यांत विचार करायचाच नाही, हँडल उतरवायचं. कुठलाही तडा, कितीही लहान असो. कुठलाही बाक जो आधी नव्हता. नळीला पोचा. पांढरी भुकटी पुसल्यावर खाली खड्डे-खड्डे दिसले तर तेही. नुसती भुकटी असेल आणि खालचा धातू गुळगुळीत असेल तर पुसून, कोरडं करून, नवी टेप लावून चालवायला हरकत नाही. पोलादाच्या हँडलवर वरवरचा गंज घासून जातो. पण क्रोमचे पापुद्रे उडून आतून गंज येत असेल, किंवा नळीच्या उघड्या टोकात बोट घातल्यावर तांबड्या खपल्या हाताला येत असतील, तर पोलादाचंही काही खरं नाही.

सायकल जोरात आपटली असेल तर? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उभी सायकल स्टँडवरून कलंडली, लिव्हर थोडा फिरला, एवढ्याने काही होत नाही. पण कसाऱ्याच्या किंवा नांदुरीहून सप्तशृंगगडाच्या घाटात उतरताना तुम्ही पडलात, हँडलच्या टोकावर सायकल आपटली, हँडल फिरून फ्रेमवर आदळलं, तर अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन दोन्ही बदला. दिसत काही नसलं तरी. हा खर्च फुकट गेला असं वाटण्याची शक्यता मोठी आहे, तरी तो करा. जुनी सायकल विकत घेतली असेल तर तिचा इतिहास विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो. अशा सायकलीला नवी टेप लावण्याऐवजी नवं हँडल लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि काहीच झालेलं नसेल तर? काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत दोन-चार वर्षांनी हँडल बदला असं लिहितात, काही लिहीत नाहीत. माझा ठोकताळा मी सांगतो, तो नियम म्हणून घेऊ नका. हलकं अ‍ॅल्युमिनियमचं रोड हँडल असेल, आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर होत असतील, घाट होत असतील, तर चार-पाच वर्षांनी मी बदलतो. डोंगरवाटांवर उड्या मारणाऱ्या माउंटन बाईकला त्याच्या निम्मे दिवस. रोज घर ते कॉलेज रोडपर्यंत जाणाऱ्या, वजन कमी असलेल्या माणसाच्या जाडजूड हँडलला दहा वर्षंही चालतील. शरीर वजनदार असेल तर मुदत कमी धरा. पावसाळ्यात घरात ट्रेनरवर सायकल चालवणाऱ्यांनी मुदत धरूच नये, दर तीन-चार महिन्यांनी टेपखाली पाहावं. ट्रेनरवर वारा नसतो, घाम उडून जात नाही, थेट हँडलवर ठिबकतो आणि टेपमध्ये मुरतो. रस्त्यावर दहा वर्षं टिकणारं हँडल मी ट्रेनरवर दोन पावसाळ्यांत खड्डे पडलेलं पाहिलं आहे. व्यायाम झाल्यावर हँडल पुसून घेणं आणि चालवताना त्यावर टॉवेल टाकणं एवढं पुरतं.

नाशिकमध्ये लांब पल्ल्याची सायकल आता नवलाईची राहिली नाही. २०१५मध्ये हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर भावांनी अमेरिका ओलांडणारी रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तेव्हापासून रविवारी पहाटे त्र्यंबक रस्त्यावर दिव्यांची रांग दिसू लागली. किलोमीटर वाढले. हँडलवरचे तास वाढले. घड्याळ-अ‍ॅपमध्ये आपण नाडीचा ठोकाही नोंदवतो. त्यातच हँडल, चेन, टायर यांचे किलोमीटर वेगळे नोंदवायची सोय असते, ती वापरा. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मग तुमच्याकडे तयार असेल.

कार्बनबद्दल थोडक्यात. कार्बन अ‍ॅल्युमिनियमसारखं थकत नाही, पण आघात आणि चुकीची पकड त्याला सहन होत नाही. नाण्याने टकटक करत गेलं तर चांगल्या जागी टणक आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. पण या परीक्षेत पास झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. बाहेरून धागा उचकटलेला दिसला, बोटाने दाबल्यावर मऊ लागलं, की संपलं. कार्बनला ग्रीस लावायचं नाही. त्यासाठी बारीक खरखरीत पेस्ट मिळते, तिने कमी आवळूनही पकड बसते.

काही गोष्टी कुणी सुचवल्या तरी करू नका. वाकलेलं अ‍ॅल्युमिनियमचं हँडल पाइपात घालून सरळ करून देणारे कारागीर मिळतात. सरळ होतं, पण ते एकदा वाकलेलं आणि एकदा उलट वाकलेलं हँडल असतं. तडा आर्गन वेल्डिंगने भरून देतो म्हणणारेही भेटतात. हँडलचं अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या आजूबाजूचा तो कडकपणा जातो, आणि पुढचा तडा जोडाशेजारी येतो. ड्रिलने छिद्र पाडून केबल आत घेणं हा तिसरा प्रकार. तिन्ही कामं करणाऱ्यांचा हात चांगला असतो, हेतूही चांगला असतो. पण हे काम त्या धातूवर करायचं नाही.

साध्या सायकलींकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण शहरात त्याच जास्त आहेत आणि त्यांवर मुलं असतात. जुन्या पद्धतीच्या सायकलीत हँडलची दांडी पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या नळीत घातलेली असते आणि वरच्या लांब बोल्टने आत पकडलेली असते. त्या दांडीवर एक आडवी रेघ कोरलेली असते, आणि ती नळीच्या आतच राहायला हवी. मूल वाढलं की हँडल वर ओढतात, आणखी वर ओढतात, आणि रेघ बाहेर येते. तशी सायकल चालवू देऊ नका. मुलाला मोठी सायकल लागते आहे, एवढंच ती रेघ सांगते. दुसरं, मुठीच्या टोकाचं रबर फाटून आतली नळी उघडी पडलेली असते. मूल पडलं तर ती गोल धारदार कड पोटात किंवा मांडीत घुसते, आणि अशा जखमा बाहेरून लहान व आतून मोठ्या असतात. मूठ पन्नास-शंभर रुपयांत येते, बूच त्याहून कमी. दुधाचे कॅन, भाजीच्या पिशव्या, डबा असं एका बाजूला नेहमी लटकत असेल तर पोलादाचं हँडलही त्या बाजूला कलतं. ओझं मागच्या कॅरिअरला बांधा. हँडलवर अडकवायची लहान मुलाची सीट असेल तर त्या हँडलची तपासणी वर्षातून एकदा नव्हे, महिन्याला.

नवं घेताना मधला व्यास मोजून घ्या, अंदाजाने नको. आजच्या बहुतेक सायकलींना ३१.८ मिलिमीटर, जुन्या आणि साध्या सायकलींना २५.४, काही जुन्या रोड बाईकना २६, काही नव्या माउंटन बाईकना ३५. २५.४ आणि २६ मध्ये फरक ०.६ मिलिमीटरचाच आहे, आणि २५.४ची नळी २६च्या स्टेममध्ये आवळून बसल्यासारखी वाटते. ती बसलेली नसते. रुंदी खांद्याच्या रुंदीच्या जवळपास असावी. जुन्या हँडलवर मनगटं दुखत असतील तर बदलण्याची हीच संधी. स्टेमवर बोल्टसाठी आकडा छापलेला असतो, बहुधा ५ किंवा ६ न्यूटन मीटर. टॉर्क रेंच नसेल तर ज्या दुकानात आहे तिथे बसवून घ्या. चारही बोल्ट तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळायचे, म्हणजे झाकणाच्या वरची आणि खालची फट सारखी राहते. शंभर किलोमीटर झाले की एकदा परत पाहायचे.

उतरवलेलं हँडल भंगारात तसंच देऊ नका. पुसलं की ते छान दिसतं आणि कुणाच्या तरी सायकलीवर चढतं. मी माझं काकांच्या शेगडीशेजारच्या व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने मधोमध कापलं. रेघ बाहेरून पेराएवढी होती. आत पाहिलं तर तडा नळीच्या परिघाच्या एक तृतीयांश पसरला होता आणि त्याची जुनी बाजू घामाने काळी पडली होती, म्हणजे तो कित्येक महिने तिथे होता. काकांनी ते दोन तुकडे ठेवून घेतले. नवीन हँडलवर टेप गुंडाळण्याआधी त्यांनीच माझ्या हातात मार्कर दिला. आता टेपखाली, स्टेमपासून चार बोटांवर, बसवल्याची तारीख आहे आणि त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा.